डीएलएल समोर आहे, तरी लोड होत नाही: आयर्नपायथन, पॉवरशेल आणि डेटाबेस लायब्ररी

लक्षण जवळजवळ नेहमी सारखंच असतं. डेटाबेस लायब्ररीची डीएलएल फाइल फोल्डरमध्ये आहे, एक्सप्लोररमध्ये दिसते आहे, स्क्रिप्टमधला पाथ तीनदा तपासून झाला आहे, आणि तरी पहिल्याच ओळीवर उत्तर येतं: फाइल किंवा असेंब्ली (म्हणजे डॉटनेटची डीएलएल किंवा एक्झी) लोड करता आली नाही. त्याच मशीनवर सी-शार्पमधला छोटासा प्रोग्राम तीच डीएलएल विनातक्रार लोड करून डेटाबेस उघडतो. मग वाटतं, आयर्नपायथनमध्येच (डॉटनेटवर चालणाऱ्या पायथनमध्ये) किंवा पॉवरशेलमध्येच काहीतरी खोट आहे.

खोट तिथे नसते. सी-शार्पचा प्रकल्प बिल्ड होतो तेव्हा बरीच कामं आपल्याला न सांगता उरकली जातात. पॅकेजच्या आतल्या अनेक फोल्डरांपैकी आपल्या रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या डॉटनेटला, चालणारी डीएलएल निवडली जाते. तिला लागणाऱ्या बाकीच्या डीएलएल शेजारी आणून ठेवल्या जातात. सी भाषेतून बनलेली मूळ (नेटिव्ह) फाइल ३२ किंवा ६४ बिट पाहून योग्य जागी जाते. आवृत्त्या जुळत नसतील तर कॉन्फिग फाइलमध्ये बाइंडिंग रिडायरेक्ट, म्हणजे एका आवृत्तीऐवजी दुसरी वापरण्याच्या सूचना, लिहिले जातात. स्क्रिप्टला बिल्ड ही पायरीच नसते, त्यामुळे ही सगळी कामं आपल्या अंगावर येतात, आणि यातलं जे राहून गेलं असेल त्याची एक ठरावीक एरर मिळते. एररवरून राहिलेलं काम ओळखता आलं की हा त्रास निम्म्याने कमी होतो. मी गेली काही वर्षं अशा स्क्रिप्ट सांभाळतो आहे आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

आधी प्रोसेसची ओळख करून घ्या

डीएलएलकडे वळण्याआधी ती कोणत्या प्रोसेसमध्ये लोड होणार आहे ते पाहा. असेंब्ली स्क्रिप्टमध्ये लोड होत नाही, ती स्क्रिप्ट चालवणाऱ्या एक्झीमध्ये लोड होते. ३२ की ६४ बिट, कोणता रनटाइम, कोणती कॉन्फिग फाइल, हे सगळं त्या एक्झीचं असतं.

तीन गोष्टी छापून घ्या. सिस्टिम.एन्व्हायर्नमेंट.इज६४बिटप्रोसेस खरं की खोटं ते सांगतं. सिस्टिम.एन्व्हायर्नमेंट.व्हर्जन रनटाइम सांगतं. चालू प्रोसेसच्या मेनमॉड्यूल.फाइलनेममधून एक्झीचा पूर्ण पाथ मिळतो. आयर्नपायथन २.७ वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. सी-पायथनच्या, म्हणजे नेहमीच्या पायथनच्या, सवयीने सिस.मॅक्ससाइज पाहून ३२ की ६४ ठरवू नका, तिथे ६४ बिट प्रोसेसमध्येही २१४७४८३६४७ हाच आकडा मिळतो. इंटपॉइंटर.साइज पाहा, ८ आलं तर ६४ बिट, ४ आलं तर ३२ बिट. एक्झीच्या नावावरूनही अंदाज बांधू नका. आयर्नपायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत त्याच नावाची एक्झी कधी ३२ बिट तर कधी ६४ बिट होती.

पॉवरशेलमध्ये आणखी एक गोंधळ आहे. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधलं पॉवरशेल ६४ बिट असतं आणि सिसवाऊ६४ मधलं ३२ बिट. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. एका ग्राहकाकडे महिन्याचा अहवाल काढणारी स्क्रिप्ट हाताने चालवली की नीट चालायची आणि रात्री टास्क शेड्युलरमधून चालली की पडायची. आम्ही दोन दिवस परवानग्या आणि पासवर्ड तपासत बसलो. शेड्युलरमध्ये ज्याने पाथ भरला होता त्याने सिसवाऊ६४ मधली एक्झी निवडली होती, आणि आमची डीएलएल ६४ बिट होती. वर सांगितलेल्या तीन ओळी स्क्रिप्टच्या लॉगमध्ये असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला त्या तीन ओळी असतात.

शेड्युलरमधला दुसरा त्रास पाथचा आहे. 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा सोडला की काम सिस्टिम३२ मधून सुरू होतं आणि सापेक्ष पाथ तिथूनच मोजले जातात. पॉवरशेलमध्ये त्यात भर पडते, कारण ॲड-टाइप पॉवरशेलचं चालू लोकेशन मानतं, पण रिफ्लेक्शन.असेंब्लीचं लोडफ्रॉम प्रोसेसची चालू डिरेक्टरी मानतं, आणि सीडी केल्याने ती बदलत नाही. पाथ नेहमी पूर्ण द्या, $पीएसस्क्रिप्टरूट पासून जोडून.

एकाच एक्सेप्शनचे तीन अर्थ

बॅडइमेजफॉरमॅटएक्सेप्शन दिसलं की बहुतेक जण लगेच ३२ आणि ६४ बिटचा घोळ असं म्हणतात. बरेचदा ते खरं असतं, पण दर वेळी नाही. त्यासोबतचा कोड वाचा.

कोड ०एक्स८००७०००बी असेल तर खरोखर ३२ आणि ६४ ची गल्लत आहे. एसक्यूलाइट, ओरॅकलची जुनी ओरॅकल.डेटाॲक्सेस, आणि सी भाषेतला गाभा असलेली कोणतीही लायब्ररी इथे अडते. ओरॅकलच्या बाबतीत सरळ उपाय आहे. ओरॅकल.मॅनेज्डडेटाॲक्सेस वापरा, ती पूर्णपणे मॅनेज्ड, म्हणजे सीचा गाभा नसलेली, आहे, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

कोड ०एक्स८०१३१०१८ असेल आणि संदेशात असेंब्ली मॅनिफेस्ट अपेक्षित होता असं म्हटलं असेल, तर ती डीएलएल डॉटनेटची नाहीच. फोल्डरमध्ये सिस्टिम.डेटा.एसक्यूलाइट आणि एसक्यूलाइट.इंटरॉप अशा दोन फाइल दिसतात, आणि लोक दोन्हींवर ॲडरेफरन्स (आयर्नपायथनमध्ये डीएलएल लोड करण्याची आज्ञा) करतात. इंटरॉप ही सीची फाइल आहे. तिला रेफरन्स द्यायचा नसतो, ती फक्त योग्य जागी असावी लागते.

कोड ०एक्स८०१३१०१बी असेल तर असेंब्ली चालू रनटाइमपेक्षा नव्या रनटाइमसाठी बांधलेली आहे. डॉटनेट २.० वर चालणाऱ्या जुन्या पॉवरशेल २ मध्ये डॉटनेट ४ ची डीएलएल लोड करायला गेलं की हेच होतं.

एसक्यूलाइट: सर्वात जास्त तक्रारी इथल्याच

सी-पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल सीमध्ये लिहिलेलं आहे आणि सीमधली एक्स्टेन्शन आयर्नपायथन लोड करू शकत नाही. त्यामुळे आयर्नपायथनमधले लोक सिस्टिम.डेटा.एसक्यूलाइटकडे वळतात, आणि तिच्या १.० मालिकेची रचना नीट समजली नाही तर तिथेच अडकतात.

ती दोन रूपांत मिळते. एका रूपात मॅनेज्ड डीएलएल वेगळी आणि इंटरॉप वेगळी. दुसऱ्या रूपात, ज्याच्या नावात बंडल असतं, दोन्ही एकाच मिक्स्ड मोड फाइलमध्ये. स्क्रिप्टसाठी मी नेहमी पहिलं रूप घेतो. कारण साधं आहे. वेगळ्या रूपात मॅनेज्ड डीएलएल ३२ आणि ६४ दोन्हींत चालते, आणि तिच्या शेजारी एक्स८६ आणि एक्स६४ असे दोन उपफोल्डर करून प्रत्येकात त्या त्या बिटची इंटरॉप ठेवली की ती स्वतःच प्रोसेस पाहून योग्य फाइल उचलते. बंडलमध्ये ही सोय नाही, आणि वर आणखी एक डोकेदुखी आहे. डॉटनेट २.० साठीचं बंडल डॉटनेट ४ च्या प्रोसेसमध्ये लोड केलं की संदेश येतो की ही मिक्स्ड मोड असेंब्ली व्ही२.०.५०७२७ साठी बांधलेली आहे आणि जादा कॉन्फिगशिवाय लोड होणार नाही. त्यासाठी यूजलेगसीव्ही२रनटाइमॲक्टिव्हेशनपॉलिसी हा गुणधर्म स्टार्टअप घटकात ट्रू करावा लागतो. पण कुठे? स्क्रिप्टच्या नावाची कॉन्फिग फाइल कुणीच वाचत नाही. ती आयपीवाय.एक्झी.कॉन्फिगमध्ये लिहावी लागते, म्हणजे एक्झीच्या शेजारी. अनेकांचा एक अख्खा दिवस इथे गेलेला मी पाहिला आहे. डॉटनेट ४ साठी बांधलेलं पॅकेज घेतलं तर ही वेळच येत नाही.

उपफोल्डर बरोबर असूनही डीएलएलनॉटफाउंडएक्सेप्शन आणि ०एक्स८००७००७ई येत असेल तर दोन शक्यता तपासा. पहिली अशी की असेंब्ली तुम्हाला वाटते तिथून लोडच झालेली नाही. तिचं लोकेशन छापा. इंटरॉप त्या जागेच्या शेजारी शोधली जाते. हे टाळायचं असेल तर प्रीलोडएसक्यूलाइट_बेसडिरेक्टरी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पहिल्या वापराआधी ते दोन उपफोल्डर असलेल्या फोल्डरवर बसवा. दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. विंडोज म्हणतं मॉड्यूल सापडलं नाही, पण नाव घेतं इंटरॉपचं, आणि इंटरॉप तर तिथेच असते. सापडत नसतं ते इंटरॉपला लागणारं व्हिज्युअल सी++ रनटाइम. डेव्हलपरच्या मशीनवर ते कधीच बसलेलं असतं, ग्राहकाच्या नव्या सर्व्हरवर नसतं. डंपबिनला डिपेंडंट्स विचारलं की यादी मिळते. एकतर ते रनटाइम बसवा, किंवा नावात स्टॅटिक असलेलं पॅकेज घ्या, त्यात ते आतच जोडलेलं असतं.

आणि फाइल सापडली पण एंट्रीपॉइंटनॉटफाउंड आलं, तर मॅनेज्ड डीएलएल एका आवृत्तीची आणि इंटरॉप दुसऱ्या आवृत्तीची आहे. दोन्ही एकाच पॅकेजमधून पुन्हा काढा. एक बदलून दुसरी तशीच ठेवू नका.

मायक्रोसॉफ्टची मायक्रोसॉफ्ट.डेटा.एसक्यूलाइट ही निराळी लायब्ररी आहे, नावं सारखी असली तरी. ती एसक्यूलाइटपीसीएलरॉ वर उभी आहे. स्क्रिप्टमधून वापरताना टाइप इनिशियलायझरने एक्सेप्शन टाकलं असा संदेश येतो आणि लोक तिथेच थांबतात. इनरएक्सेप्शन उघडा. बहुतेक वेळा आत स्पष्ट लिहिलेलं असतं की एसक्यूलाइटपीसीएल.बॅटरीज.इनिट बोलवा. ते बोलवलं आणि ई_एसक्यूलाइट३ ही मूळ फाइल शेजारी असली की काम होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं उत्तर एक्सेप्शनच्या आत पडलेलं असतं आणि आपण बाहेर शोधत फिरतो.

नाव एकाचं, गैरहजर दुसराच

कधी एरर एका डीएलएलचं नाव घेते आणि गैरहजर असते तिला लागणारी दुसरीच डीएलएल, म्हणजे तिची डिपेंडन्सी. पॉवरशेलमध्ये ॲड-टाइपने हे होतं. संदेश येतो की मागितलेल्या टाइपपैकी काही लोड करता आले नाहीत, लोडरएक्सेप्शन्स पाहा. संदेशात उपाय दिलेला आहे, तरी तो कुणी करत नाही. $एरर[०].एक्सेप्शन.लोडरएक्सेप्शन्स छापा, आणि हव्या त्या डिपेंडन्सीचं नाव, आवृत्ती आणि पब्लिक की टोकन सगळं समोर येतं.

पोस्टग्रेसच्या एनपीजीएसक्यूएलला पॉवरशेल ५.१ मध्ये हमखास सिस्टिम.मेमरी, सिस्टिम.थ्रेडिंग.टास्क्स.एक्स्टेन्शन्स आणि सिस्टिम.रनटाइम.कंपायलरसर्व्हिसेस.अनसेफ लागतात. त्या आणून ठेवल्या तरी पुढची एरर येते, ०एक्स८०१३१०४०: सापडलेल्या असेंब्लीचा मॅनिफेस्ट मागणीशी जुळत नाही. म्हणजे एका डीएलएलने अनसेफची ४.०.४.१ मागितली आणि फोल्डरमध्ये ६.०.०.० आहे. डॉटनेट फ्रेमवर्क स्ट्राँग नेम (सही केलेलं नाव) असलेल्या असेंब्लीला नेमकी तीच आवृत्ती मागतं. सी-शार्पमध्ये बाइंडिंग रिडायरेक्ट हे सोडवतात. इथे तो रिडायरेक्ट पॉवरशेल.एक्झी.कॉन्फिगमध्ये लिहावा लागेल, आणि तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. ती फाइल त्या मशीनवरच्या प्रत्येक स्क्रिप्टवर परिणाम करते, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या स्क्रिप्टला लागलेला धक्का कुठून आला हे कुणालाच कळत नाही.

त्याऐवजी ॲपडोमेनचा असेंब्लीरिझॉल्व्ह इव्हेंट वापरा. रनटाइमला असेंब्ली सापडली नाही की तो हा इव्हेंट बोलावतो. मागितलेल्या नावातला स्वल्पविरामापूर्वीचा भाग घ्यायचा, आपल्या फोल्डरमध्ये त्या नावाची डीएलएल असेल तर लोडफ्रॉम करून परत द्यायची, नसेल तर काहीही परत द्यायचं नाही. शेवटी .रिसोर्सेस असलेली नावं सोडून द्यायची, ती भाषांतरांच्या असेंब्लीची मागणी असते. आयर्नपायथनमध्ये हे साध्या फंक्शनने होतं, फक्त ते पहिल्या ॲडरेफरन्सच्या आधी जोडलेलं हवं.

पॉवरशेलमध्ये मात्र स्क्रिप्टब्लॉक जोडू नका. एनपीजीएसक्यूएल काही कामं दुसऱ्या थ्रेडवर करते, आणि त्या थ्रेडवर रनस्पेस (पॉवरशेलचा कोड चालण्याची जागा) नसल्यामुळे स्क्रिप्टब्लॉक चालवता येत नाही. हाताने तपासताना सगळं ठीक चालतं आणि पहिल्या असिंक्रोनस क्वेरीला प्रोसेस कोसळते. दहा-बारा ओळींचा सी-शार्प क्लास ॲड-टाइपने तिथेच कंपाइल करा आणि त्याची मेथड इव्हेंटला जोडा. हे जास्तीचं काम वाटेल, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला मिळालेला नाही.

पॉवरशेल ७ मध्ये पाया बदललेला आहे. ७.२ डॉटनेट ६ वर आणि ७.४ डॉटनेट ८ वर चालतं. तिथे आवृत्तीची सक्ती सैल आहे, मागणीपेक्षा वरची आवृत्ती चालते, आणि एक्झीच्या कॉन्फिगमधले रिडायरेक्ट वाचलेच जात नाहीत. तिथली नेहमीची एरर वेगळी: याच नावाची असेंब्ली आधीच लोड झाली आहे. उदाहरणार्थ एसक्यूएलसर्व्हर हे मॉड्यूल २२ व्या आवृत्तीपासून स्वतःची मायक्रोसॉफ्ट.डेटा.एसक्यूएलक्लायंट घेऊन येतं. ते इम्पोर्ट केल्यावर तुमची निराळी आवृत्ती त्याच सत्रात बसत नाही. ॲपडोमेनचं गेटअसेंब्लीज चालवून कोणती कुठून आली ते पाहा. लोड झालेली असेंब्ली काढता येत नाही, नवं सत्रच उघडावं लागतं. तपासणी करताना दर वेळी नोप्रोफाइल देऊन नवं सत्र उघडा, नाहीतर आधीच्या प्रयत्नाची असेंब्ली पुढच्या प्रयत्नात खोटं यश किंवा खोटं अपयश दाखवते.

पॅकेजमधून चुकीची डीएलएल उचलणं

न्यूगेटचं, म्हणजे डॉटनेटच्या पॅकेज भांडारातलं, पॅकेज झिपसारखं उघडून डीएलएल काढणं हा स्क्रिप्टवाल्यांचा जुना मार्ग. मायक्रोसॉफ्ट.डेटा.एसक्यूएलक्लायंटच्या बाबतीत तो हमखास फसतो. लिब फोल्डरमधली डॉटनेट कोअरसाठीची डीएलएल लोड होते, टाइपही दिसतात, आणि कनेक्शन उघडताना उत्तर येतं की या प्लॅटफॉर्मवर ही लायब्ररी चालत नाही. विंडोजवर बसून हे वाचताना माणूस चक्रावतो. तिथली डीएलएल नुसता सांगाडा असते. खरी डीएलएल रनटाइम्स, विन, लिब या फोल्डरात असते, आणि एसएनआय नावाची मूळ फाइल तर वेगळ्याच पॅकेजमध्ये.

यावर माझा आवडता उपाय हा की बिल्डचं काम बिल्डलाच करू द्यावं. एक रिकामा कन्सोल प्रकल्प करा, त्यात हवं ते पॅकेज जोडा, आणि डॉटनेट पब्लिश चालवा, रनटाइम विन-एक्स६४ आणि सेल्फ-कंटेन्ड फॉल्स देऊन. टार्गेट फ्रेमवर्क तुमच्या प्रोसेसचं हवं: पॉवरशेल ५.१ साठी नेट४६२ किंवा वरचं, पॉवरशेल ७.४ साठी नेट८.०. पब्लिश फोल्डरमध्ये योग्य डीएलएल, तिच्या सगळ्या डिपेंडन्सी आणि मूळ फाइल एकाच जागी सपाट मिळतात. तो फोल्डर उचलून स्क्रिप्टशेजारी ठेवा आणि पाथ त्यालाच द्या. फ्रेमवर्कच्या प्रकल्पात जी .कॉन्फिग फाइल तयार होते तिच्यात बाइंडिंग रिडायरेक्टही लिहिलेले मिळतात, म्हणजे कोणत्या आवृत्त्या भांडत आहेत त्याची यादी आयती हातात येते.

सी-पायथनमधून पायथनडॉटनेट (पायथननेट हे पॅकेज) वापरणाऱ्यांनाही हाच फोल्डर चालतो. त्यांचे दोन प्रश्न मात्र वेगळे. सीएलआरला ॲडरेफरन्स हा ॲट्रिब्यूटच नाही असं आलं, तर पिपने सीएलआर नावाचं भलतंच पॅकेज बसवलं आहे, ते टर्मिनलवर रंग दाखवण्यासाठीचं आहे. ते काढा आणि पायथननेट पुन्हा बसवा. दुसरं, ३.० पासून रनटाइम निवडता येतो, पण विंडोजवर काही न सांगितल्यास जुनं फ्रेमवर्क लोड होतं. डॉटनेट ८ ची डीएलएल हवी असेल तर इम्पोर्ट सीएलआरच्या आधी पायथननेट.लोड ला कोअरसीएलआर सांगा आणि रनटाइमकॉन्फिग फाइल द्या. ती फाइलही पब्लिश फोल्डरमध्येच असते.

उरलेल्या छोट्या गोष्टी

ब्राउझरने उतरवलेल्या झिपवर विंडोज इंटरनेटची खूण ठेवतं आणि ती आतल्या डीएलएलवरही उतरते. डॉटनेट ४ मग ०एक्स८०१३१५१५ देऊन नकार देतं. झिप उघडण्याआधीच तिच्यावर अनब्लॉक-फाइल चालवा.

डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीजच्या गेटफॅक्टरीला प्रोव्हायडर सापडत नसेल, तर त्याची नोंदही एक्झीच्या किंवा मशीनच्या कॉन्फिगमध्येच शोधली जाते. स्क्रिप्टमध्ये तो वळसा घेऊच नका, एसक्यूलाइटकनेक्शन थेट तयार करा.

एवढं करूनही कळलं नाही तर फ्रेमवर्कसाठी फ्युजन लॉग हाच शेवटचा साक्षीदार. विंडोज एसडीकेमधलं फ्यूजलॉगव्ह्यू ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, अपयशी बाइंडिंगची नोंद सुरू करा आणि लॉगसाठी स्वतःचा फोल्डर द्या. रनटाइमने कोणत्या क्रमाने कुठे कुठे शोधलं, कोणती कॉन्फिग वाचली, मागणी नेमकी कोणत्या असेंब्लीने केली, सगळं त्यात असतं. मी आधी 'कॉलिंग असेंब्ली' ही ओळ वाचतो, कारण दोषी बहुतेक वेळा तिथे सापडतो. काम झालं की नोंद बंद करायला विसरू नका. ती चालू राहिली तर मशीनवरचा प्रत्येक डॉटनेट प्रोग्राम धिमा होतो आणि फोल्डर हजारो छोट्या फाइलींनी भरत जातो.